मुक्कामाचे मानपत्र

मराठीच्या प्राध्यापकाला कोणत्याही अभ्यासक्रमात नसलेला एक वाङ्मयप्रकार आयुष्यभर हाताळावा लागतो. तो म्हणजे मानपत्र. संस्थेत कोणी निवृत्त झाले, गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालांची तीस वर्षे भरली, कोणा कार्यकर्त्याची पंचाहत्तरी आली, की शिपाई वर्गाच्या दारात उभा राहतो : ‘मॅडम, सरांनी सांगितलंय, तेवढं मानपत्राचं बघा.’ गेल्या वीस-बावीस वर्षांत अशी मानपत्रे मी किती लिहिली याची मोजदाद नाही. चौकटीत बसवून, शाल-श्रीफळासह ती दिली गेली आणि बहुधा त्या त्या घरांच्या बैठकीच्या खोलीत टांगली गेली. साहित्याच्या इतिहासकाराने त्यांची दखल घ्यावी असे काही त्यांत नाही. व्याकरणाच्या अभ्यासकाने मात्र जरूर घ्यावी. मानपत्रात प्रयोग कर्तरी असो, कर्मणी असो वा भावे, कर्ता एकच असतो : सत्कारमूर्ती. ‘आपण या परिसराला आपले मानलेत’, ‘आपण येथे अखंड राहिलात’, ‘आपण निरपेक्ष सेवा केलीत’. दुसऱ्या कर्त्याला मानपत्राच्या वाक्यात शिरकाव नाही. कोणी पाठवले, कोणी अडवले, कोणी विचारलेच नाही, हे सारे कर्ते मंडपाबाहेर उभे असतात. (किंवा पहिल्या रांगेत बसलेले असतात, पण ते असो.)

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातल्या प्रयोगशाळा-परिचराच्या निरोपसमारंभाला मी उपस्थित होते. मानपत्र त्यांच्याच एका प्राध्यापकांनी लिहिले होते, आणि चांगले लिहिले होते. छत्तीस वर्षे एकाच गावात, एकाच संस्थेत राहिल्याबद्दल ‘निष्ठा’ हा शब्द त्यात तीनदा आला. सत्काराला उत्तर देताना ते गृहस्थ म्हणाले, ‘गावाकडं आई एकटी होती. बदलीचे अर्ज सात केले. झाली नाही. राहिलो.’ सभागृहात हशा पिकला, कारण सर्वांना तो विनोद वाटला. ते हसले नाहीत. नमस्कार करून खाली बसले.

हा प्रसंग आठवण्याचे निमित्त म्हणजे एक पुस्तक. आमच्या विभागातून एम.ए. होऊन कॅनडात स्थायिक झालेल्या एका विद्यार्थिनीने ते पाठवले. लेखक लॅरी ऑडलालुक, पुस्तकाचे नाव ‘व्हॉट आय रिमेंबर, व्हॉट आय नो’, प्रकाशनवर्ष २०२०. लेखक इनुइट आहेत. आपल्या शालेय भूगोलात ज्यांना ‘एस्किमो’ म्हटले जाई, ते लोक स्वतःला इनुइट, म्हणजे ‘माणसे’, म्हणवतात. ऑडलालुक यांचे गाव ग्रीस फियॉर्ड. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्समीअर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, उत्तर अक्षांश ७६ अंशांच्याही वर ते वसले आहे. सैनिकी तळ आणि हवामानकेंद्रे सोडली, तर त्या देशातली ही सर्वांत उत्तरेकडची वस्ती. २०२१ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १४४ भरली. सामानाचे जहाज वर्षातून एकदा, उन्हाळ्यात येते. एरवी सारी भिस्त छोट्या विमानावर, आणि तेही हवेची मर्जी असेल तेव्हा. हिवाळ्यात तीन महिन्यांहून अधिक काळ सूर्य क्षितिजावर येतच नाही. गावाचे नकाशावरचे नाव नॉर्वेजियन आहे. ऑटो स्वेरड्रुप या दर्यावर्द्याच्या १८९८ ते १९०२ च्या मोहिमेत या खाडीला ते मिळाले, आणि त्याचा अर्थ डुकरांची खाडी. तिथल्या वॉलरसांचा आवाज त्याला डुकरांच्या घुरघुरण्यासारखा वाटला म्हणे. इनुइट भाषेतले नाव औयुइत्तुक : जिथले बर्फ कधी वितळत नाही ती जागा.

या गावाचे सर्वांत दीर्घकाळचे रहिवासी म्हणून ऑडलालुक ओळखले जातात, आणि २००७ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा त्या देशाचा मानाचा नागरी सन्मान मिळाला. एवढे वाचून माझा व्यवसायसिद्ध हात मानपत्राच्या पहिल्या ओळीकडे वळलाच असता : ‘हिमाच्छादित प्रदेशाला आपण आपले मानलेत...’ पण पुस्तक उघडले की दुसरा कर्ता पहिल्याच पानांपासून समोर येऊन बसतो.

ऑडलालुक जन्माने ग्रीस फियॉर्डचे नाहीत. त्यांचे कुटुंब क्वेबेकच्या उत्तरेकडच्या इनुकजुआक परिसरातले, हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरचे. १९५३ च्या उन्हाळ्यात तिथली काही कुटुंबे ‘सी. डी. हाउ’ नावाच्या सरकारी जहाजावर चढवून सुमारे २००० किलोमीटर उत्तरेकडे नेण्यात आली, तेव्हा ते पुरते तीन वर्षांचेही नव्हते. पोलीस-अधिकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांगितले होते की, तिकडे शिकार मुबलक आहे. आणि नाहीच आवडले तर दोन वर्षांनी परत आणू. १९५३ आणि १९५५ अशा दोन खेपांत मिळून सुमारे नव्वद माणसे हलवली गेली. त्यांतली काही एल्समीअर बेटावर उतरवली आणि बाकीची कॉर्नवॉलिस बेटावरच्या रेझोल्यूटला. रेझोल्यूटचे इनुइट नाव कौसुइत्तुक, म्हणजे जिथे पहाट होत नाही ती जागा. आपण सगळे एकाच ठिकाणी राहणार नाही, हे त्या लोकांना जहाजावर गेल्यानंतर समजले. पुढे नुनावुत प्रदेशाच्या निर्मितीत मोठा वाटा उचलणारे जॉन अमागोआलिक तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. वाटणीची बातमी फुटताच बायकांचे रडणे आणि कुत्र्यांचे विव्हळणे एकाच वेळी सुरू झाले, अशी आठवण त्यांनी सांगून ठेवली आहे.

उत्तर म्हणजे सगळीकडे सारखाच बर्फ, असा आपल्यासारख्या उष्ण कटिबंधातल्या माणसाचा समज असतो. ओटावातल्या अधिकाऱ्यांचाही तो तसाच असावा, हे जास्त आश्चर्याचे. इनुकजुआकला हिवाळ्यातही दिवस उगवतो. तिथे उन्हाळ्यात रानफळे असतात, पक्षी, अंडी, मासे असतात. एल्समीअरवर यांतले फारसे काही नाही. महिनोन्‌महिन्यांचा काळोख त्या लोकांनी कधी पाहिलेला नव्हता, आणि काळोखात समुद्रावरच्या बर्फावर शिकार कशी करायची ही विद्याही त्यांच्याजवळ नव्हती. ती शिकवण्यासाठी म्हणून पाँड इनलेटची काही कुटुंबे सोबत नेली होती. त्यांची बोली वेगळी, रीत वेगळी. इग्लू बांधायला लागतो तसा घट्ट बर्फ सुरुवातीला मिळाला नाही, म्हणून पहिल्या हिवाळ्यात तंबूंत राहावे लागले. डोळ्यांसमोर कस्तुरीबैलांचे कळप चरत होते, पण त्यांच्या शिकारीला कायद्याने बंदी होती. भुकेल्या माणसाला अन्नाजवळ नेऊन बसवायचे आणि हात लावू नको म्हणायचे! हा तपशील मी वर्गात सांगितला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडं अभयारण्यात असंच झालं.’ मी त्याला लिहून आण म्हटले आहे.

ऑडलालुक यांचे वडील ईसा पॅडी अकिआतुसुक हे दगडात कोरीवकाम करणारे नावाजलेले शिल्पकार होते. १९५४ मध्ये, नव्या जागी येऊन वर्षही भरले नसताना, ते गेले. मुलगा लिहितो ते घराच्या ओढीविषयी. त्या ओढीनेच वडील गेले, असे घरात मानले जात आले. अकिआतुसुक यांचा सावत्र मुलगा जोसेफी याला त्यांनी आपल्याकडे बोलावून घेण्याची धडपड केली होती. १९५५ मध्ये जोसेफी बायकामुलांसह पोचला, तेव्हा बोलावणारा उरलेला नव्हता. या जोसेफीचे आडनाव फ्लॅहर्टी. चित्रपटाच्या अभ्यासकांचे कान इथे टवकारतील. १९२२ चा ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ हा माहितीपटांचा मूळपुरुष मानला जाणारा चित्रपट ज्याने केला, त्या रॉबर्ट फ्लॅहर्टीचा हा मुलगा. चित्रीकरणाच्या काळात इनुकजुआकलाच एका इनुइट स्त्रीला झालेला. बापाने त्याला कधी आपला म्हटले नाही. इनुइटांच्या जिद्दीचा गौरव करणारा तो चित्रपट जगभर पाहिला गेला, आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत पहिल्या पंचवीस चित्रपटांत त्याला स्थान मिळाले. त्याच वर्षी, म्हणजे दोन वर्षांच्या वचनाला छत्तीस वर्षे उलटल्यावर, सरकारी खर्चाने सुमारे चाळीस माणसांना इनुकजुआकला परत नेण्यात आले.

या सगळ्या वाक्यांत मी ‘नेण्यात आले’, ‘हलवली गेली’, ‘उतरवली’ अशी क्रियापदे वापरते आहे. त्यांचा कर्ता कोण? आणि त्याने हे का केले? सरकारचे म्हणणे असे होते की, कोल्ह्याच्या कातड्याचे भाव पडले होते, इनुकजुआकच्या मानाने तिथली माणसे जास्त झाली होती, आणि लोक सरकारी मदतीवर अवलंबून राहू लागले होते. तेव्हा त्यांना चांगल्या शिकारीच्या प्रदेशात नेऊन स्वावलंबी करावे. नेलेल्या लोकांचे म्हणणे निराळे. ते दिवस शीतयुद्धाचे. ध्रुवप्रदेशातल्या निर्मनुष्य बेटांवर आपली मालकी आहे हे दाखवायला कॅनडाला तिथे आपली माणसे हवी होती. ‘माणसांचे ध्वजस्तंभ’ असा शब्दप्रयोग या लोकांविषयी रूढ झाला तो त्यामुळे. आदिवासी समाजांविषयी नेमलेल्या शाही आयोगाने १९९३ मध्ये त्यांच्या साक्षी ऐकल्या आणि १९९४ च्या अहवालात सार्वभौमत्वाचा विचार या स्थलांतरामागे होता हे मान्य करून, सरकारने क्षमा मागावी आणि भरपाई द्यावी अशी शिफारस केली.

भरपाई १९९६ मध्ये आली : एक कोटी डॉलरांचा विश्वस्त निधी. क्षमायाचना आली नाही. उलट त्या करारात इनुइट पक्षाला एक गोष्ट मान्य करावी लागली. ती अशी की, ज्या अधिकाऱ्यांनी हे घडवले, ते त्या काळी सन्माननीय हेतूने, इनुइटांचे हित समजूनच वागले होते. मी हा मजकूर वाचला आणि बराच वेळ पुढे गेले नाही. मानपत्रच ते! ज्यांना हलवले त्यांच्याकडून, हलवणाऱ्यांना. मदतीची रक्कम हातात ठेवण्यापूर्वी गौरवाचे वाक्य लिहून घेतलेले. भाषेचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला करारनाम्यातले विशेषण सहसा क्षुल्लक वाटत नाही. पण या एका विशेषणाचे मोल जितके उघडपणे ठरवले गेले, तितके क्वचितच कुठल्या विशेषणाचे ठरवले गेले असेल.

आणि त्यानंतर अकरा वर्षांनी त्याच राज्यसंस्थेने ऑडलालुक यांच्या कोटावर सन्मानचिन्ह लावले. क्षमा मागण्याआधी तीन वर्षे. ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ १९६७ मध्ये सुरू झाली. तिचे चिन्ह सहा टोकांच्या हिमकणाच्या आकाराचे आहे. तिचे ब्रीदवाक्य लॅटिन आहे, बायबलातून घेतलेले, आणि त्याचा आशय असा की हे लोक अधिक चांगल्या देशाची आस धरणारे आहेत. हिमकण आणि अधिक चांगला देश! तीन वर्षांच्या मुलाला ‘अधिक चांगल्या जागी’ नेतो असे त्याच्या आईबापांना सांगून बर्फात उतरवले, आणि सत्तावन्नाव्या वर्षी त्याच्या छातीवर ही दोन्ही लावली. कादंबरीकाराने हे रचले असते, तर समीक्षक म्हणून मी त्याला अतिरेकाबद्दल बोल लावला असता.

याच्याही आधी, १९४१ पासून, कॅनडाच्या सरकारने इनुइटांना बिल्ले वाटले होते. इनुइटांना आडनावे नसत आणि त्यांची नावे कारकुनांना लिहिता येत नसत, म्हणून प्रत्येकाला एक क्रमांक आणि तो कोरलेली एक चकती. तिच्यावर राजमुकुट, आणि दोरीने गळ्यात बांधता यावी म्हणून भोक. पूर्वेकडच्यांना ‘ई’, पश्चिमेकडच्यांना ‘डब्ल्यू’. ही पद्धत बंद करण्यासाठी १९६८ ते १९७१ या काळात एब ओकपिक या इनुइट गृहस्थाने वस्त्यावस्त्यांतून फिरून लोकांना आडनावे निवडायला लावली. बिल्ला देणारा हात आणि पदक देणारा हात एकच, असे म्हटले तर ते खरे आहे. पण पुरेसे नाही. पदक घेणाऱ्याने ते का घेतले, हाही प्रश्न उरतोच. माझ्यापुरते उत्तर मला पुस्तकाच्या नावात सापडते.

‘मला आठवते ते’ आणि ‘मला माहीत आहे ते’. आत्मचरित्र शिकवताना आपण स्मृती आणि सत्य, स्मृती आणि कल्पित, अशा जोड्या लावतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’च्या नावात स्मृती आहे, आणि मराठी वाचकाला ती पुरते. ऑडलालुक यांना ती पुरत नाही, कारण ज्या घटनेने त्यांचे सारे आयुष्य ठरवले ती त्यांना आठवण्याजोगी नाही. जहाज, बोटीवरची वाटणी, पहिला काळोख हे सारे त्यांनी ऐकलेले आहे. आईकडून, भावंडांकडून, मोठ्यांच्या दबक्या बोलण्यातून, आणि पुढे कागदपत्रांतून व साक्षींतून. ते आपल्या आठवणी आणि आपले ज्ञान एकमेकांत मिसळू देत नाहीत. या काटेकोरपणाला त्यांच्या परंपरेत आधार आहे. इकालुइट येथे नुनावुत आर्क्टिक कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी वृद्ध इनुइटांना वर्गात बोलावून त्यांच्या मुलाखती घेतल्या. १९९९ पासून त्या पुस्तकरूपाने निघाल्या. त्या वाचताना हीच गोष्ट लक्षात येते. प्रश्न स्वतःच्या अनुभवापलीकडे गेला की आजीबाई सांगतात, हे मी पाहिलेले नाही, मला माहीत नाही. एरवी मौखिक परंपरा म्हणजे कल्पनेचा स्वैर विहार असे समजून आपण तिच्यावर प्रबंध लिहीत असतो. सत्काराचाही हा एक प्रकार आहे, आणि मला तो शालीपेक्षा वरचा वाटतो : म्हाताऱ्या माणसाला शिक्षकाच्या खुर्चीत बसवायचे, तरुणांनी समोर बसून त्याच्या भाषेत प्रश्न विचारायचे, आणि तो ‘माहीत नाही’ म्हणाला तर तेही छापायचे.

तेव्हा ऑडलालुक यांच्याजवळ पदक आहे आणि पुस्तकही आहे. पदकामुळे त्यांचे ऐकले जाते, आणि ऐकणाऱ्याला ते दुसऱ्या कर्त्याचे नाव सांगतात. मानपत्राने गाळलेला मजकूर सत्कारमूर्तीने स्वतः, सत्तरीत, लिहून जोडला.

मग ते राहिले का? १९८९ मध्ये परतीचा मार्ग खुला झाला होता. काही गेले, बरेच राहिले. इथे ‘निष्ठा’ हा शब्द मला नको आहे, आणि ‘नाइलाज’ हाही नको. छत्तीस वर्षांत औयुइत्तुकला मुले जन्मली होती, वडील माणसे पुरली गेली होती. काळोखातली शिकार आता दुसऱ्या पिढीला उपजत येत होती. ज्या जागी आणून टाकले, ती जागा राहणाऱ्यांनी हळूहळू गाव केली. सरकारला हवा होता झेंडा. इथे संसार उभे राहिले. १९६० मध्ये लोकांनी आपली सहकारी संस्था काढली. दीडशेही डोकी नसलेल्या गावात एकेका माणसाला चार-चार कामे करावी लागतात. ग्रामपरिषदेत बसणारा आग विझवायलाही जातो, आणि बर्फावर कोणी चुकले की शोधायलाही तोच निघतो. लाल टोपीधारी सदरे घालणाऱ्या ‘कॅनेडियन रेंजर्स’च्या राखीव दलातही तोच असतो. आपल्याकडे ‘स्वयंसेवक’ म्हटले की बिल्ला, टोपी आणि नोंदवही आली. नुनावुतच्या सरकारने इनुइट परंपरेतली जी मूल्ये लेखी मान्य केली आहेत, त्यांत ‘पिजित्सिर्निक’ असा एक शब्द आहे : आपल्या माणसांसाठी आणि वस्तीसाठी राबणे, त्यांना पुरवणे. त्यात शिकारही येते आणि सभाही. शिकाऱ्याने मोठे जनावर मारले की मांस वाटले जाते, म्हाताऱ्यांना आधी. बऱ्याच वस्त्यांत स्थानिक रेडिओवरून निरोप जातो की, या, घेऊन जा. याला तिथे कोणी सेवा म्हणत असेल असे वाटत नाही.

आपल्या इच्छेने तिकडे राहिलेलीही माणसे होती. भारतात जन्मलेले बेझल जेसुदासन नावाचे एक अभियंते नोकरीच्या निमित्ताने उत्तरेकडे गेले आणि रेझोल्यूटचेच झाले. उत्तर ध्रुवावर निघालेल्या कितीतरी मोहिमांचा मुक्काम त्यांच्या घरी पडे. १९९५ मध्ये ते वारले. त्यांच्याविषयी वाचताना आपुलकी वाटते, थोडा अभिमानही. पण त्यांना परतीचे तिकीट कधीही काढता आले असते. उत्तरेतलेच दोन जुने रहिवासी, एकाच मानपत्राच्या मसुद्यात बसणारे. आणि दोघांच्या ‘राहण्या’त एवढे अंतर.

इनुइटांच्या स्वतःच्या सन्मानाच्या रीती समारंभाला फारसा वाव देत नाहीत. मुलाने पहिली शिकार केली की ती तो स्वतः ठेवत नाही; ज्या बाईने जन्माच्या वेळी त्याला हातात घेतले, तिला ती नेऊन देतो. पहिला सील लहान असो वा मोठा, तो त्या सुईणीचा. तिच्या तेव्हाच्या कामाची पोच अशी दहा-बारा वर्षांनी होते, आणि ती ताजी असते, खाण्याजोगी असते. दुसरी रीत नावाची. माणूस गेला की जन्मणाऱ्या बाळाला त्याचे नाव देतात. मुलगा की मुलगी हे पाहत नाहीत, कारण इनुइट नावांना लिंग नाही. नाव एकच असलेल्यांच्या नात्याला बाफिनकडच्या बोलीत ‘सौनिक’ म्हणतात. मूळ अर्थ हाड. आपल्याकडेही आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, आणि मग सून त्या पोराला नावाने हाक मारायला संकोचते. तिथे गोष्ट याच्या पुष्कळ पुढे जाते. नावाबरोबर नातीही येतात. आजीचे नाव मिळालेल्या तान्ह्या पोरीला तिची आई ‘आई’ म्हणून हाक मारते, आणि म्हातारा आजा तिला ‘बायको’ म्हणतो. तिचे रुसणेसुद्धा आजीचे म्हणून सोसले जाते. क्रमांकांचे बिल्ले वाटणाऱ्या कारकुनांना आडनाव सापडत नव्हते ते यामुळे. ज्या समाजात माणसाचा सत्कार त्याला पुन्हा घरात आणून केला जातो, तिथे नोंदवहीचे रकाने भरणे कठीणच.

क्षमायाचना शेवटी १८ ऑगस्ट २०१० रोजी झाली. मंत्री जॉन डंकन यांनी ती इनुकजुआकला जाऊन केली. चुका झाल्या, वचने मोडली, असे त्यांनी सरकारच्या वतीने मान्य केले. त्याच निवेदनात असेही आले की, या वस्त्यांमुळे उत्तरेत कॅनडाचे अस्तित्व बळकट झाले. कृतज्ञता म्हणूनच ते लिहिले असावे. पण ज्या कारणासाठी नेले नाही असे चाळीस वर्षे सांगितले, त्याच कारणासाठी आता आभार मानले जात होते. क्षमापत्र लिहिता लिहिता लेखकाचा हात मानपत्राच्या वळणावर गेला असेल काय? मला ते वळण ओळखीचे आहे.

त्या वर्षी दोन्ही गावांत शिल्पेही उभी राहिली. ती दोन इनुइट शिल्पकारांनी घडवली : ग्रीस फियॉर्डचे लूटी पिजामिनी यांनी आणि रेझोल्यूटचे सिमिओनी अमागोआलिक यांनी. ग्रीस फियॉर्डला एक बाई, तिच्याजवळ लहान मुलगा आणि एक कुत्रा. ती रेझोल्यूटच्या दिशेला पाहते. रेझोल्यूटला एक एकटा पुरुष. तो ग्रीस फियॉर्डच्या दिशेला पाहतो. मध्ये जवळजवळ ४०० किलोमीटर समुद्र आणि बर्फ. जहाजावर झालेली वाटणी या दोघांनी अशी उभी केली, की एका गावात उभे राहून शिल्प पुरते पाहताच येत नाही. चबुतऱ्यावर पदवी नाही, झेंडा धरलेला हात नाही. ‘आपण येथे राहिलात’ असे त्या बाईला कोणी म्हणू शकेल. तिची नजर त्या वाक्यात बसत नाही.

१९८९ मध्ये जी वडील माणसे इनुकजुआकला परतली, त्यांतल्या कितीकांची मुले आणि नातवंडे उत्तरेतच राहिली. म्हाताऱ्यांनी घर मिळवले आणि त्यासाठी दुसऱ्यांदा ताटातूट पत्करली. या खेपेला बोटीवर कोणी वाटणी केली नव्हती. ऑडलालुक राहणाऱ्यांतले. ते ज्या परिसरात जन्मले तो त्यांना आठवत नाही, पण माहीत आहे.